दापोड्याचा छज्जा

बाबा, दापोड्याचा छज्जा सिमेंटमुळे पडला नव्हता. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी तू जाईपर्यंत आपल्या घरात तो सिमेंटमुळेच पडत राहिला. लग्नात, बारशात, कुठेही कुणी विषय काढला की तू मान हलवून म्हणायचास, "माल खराब आलता, कोन काय करनार?" आणि मी शेजारी सरबताचा ट्रे घेऊन उभी असायचे. सिव्हिल इंजिनियर, हातात सरबताचा ट्रे. तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली आहेत की तुझ्याबद्दल बोलताना लोक आवाजसुद्धा खाली आणत नाहीत. माझा राग मात्र जसाच्या तसा आहे. तो एकदा कुठेतरी उतरवून ठेवावा म्हणून लिहायला बसले आहे.

तू खाडीतून वर आलेला माणूस. तरुणपणी काल्हेरच्या खाडीत बुड्या मारून रेती काढलीस, मग स्वतःची होडी घेतलीस, मग रेती पुरवायला लागलास, आणि भाताच्या शेतांवर गोदामं उभी राहायला लागली तेव्हा काँट्रॅक्टर झालास. गावातल्या बाकीच्यांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या, तू काँक्रीटचा मिक्सर घेतलास. मी तुझी एकुलती एक. मला सिव्हिलला जायचंय असं मी म्हटलं तेव्हा तू आईकडे बघून हसलास आणि दुसऱ्या दिवसापासून गावभर सांगत सुटलास, "माजी पोरगी इंजिनेर व्हनार. आता ड्रॉइंग वाचाला मला दुसऱ्याचे पाय धराला नको." तुला ड्रॉइंग वाचता येत नव्हतं आणि ते तू कधी लपवलंही नाहीस. जे येत नाही ते तोंडावर 'येत नाही' म्हणणारा तेवढा एकच पुरुष मी तोवर पाहिला होता. म्हणून तर पुढचं सगळं मला इतकं लागलं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. माझी पदवी हातात आली आणि तू भिवंडीच्या बाजारातून माझ्यासाठी गमबूट घेऊन आलास. बायकांच्या मापाचे गमबूट कुणी ठेवत नाही, म्हणून पुरुषांतला सगळ्यात लहान जोड. तरी तो मला मोठाच होता. आईने जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून दिल्या, त्या मी पुढे बोटांपाशी कोंबल्या आणि कॉलमच्या खड्ड्यात उतरले. तू वरून बघत होतास. "चिकलात पाय रुतला तं बूट सोर, पाय कार," असं ओरडलास आणि मुकादमासकट सगळे हसले. ते दिवस चांगले होते, बाबा. हे मी रागातसुद्धा कबूल करते. सकाळी तुझ्या मोटारसायकलवर मागे बसून जायचं, दापोड्याच्या रस्त्यावर कंटेनरांच्या मधून वाट काढायची, तू फुटिंगला, म्हणजे पायाच्या खड्ड्यांना, चुन्याच्या रेघा मारायचास आणि मी ड्रॉइंग उघडून म्हणायचे, "बाबा, ही रेघ आत घे." तू घ्यायचास. सगळ्यांसमोर घ्यायचास. फिटर लोक, म्हणजे सळी बांधणारे, आधी माझ्याकडे बघून आपसात हसायचे. मग अडलं की मलाच हाक मारायला लागले. मला वाटायचं, हे असंच चालणार. तुझ्यानंतर मी.

मग खारबावचं स्थळ आलं. मुलाकडचे लोक कुठल्याशा कामाला दापोड्यात आले होते आणि त्यांनी मला स्लॅबवर पाहिलं. माल, म्हणजे कालवलेलं काँक्रीट, टाकायचं काम चालू होतं, मी चार पुरुषांच्या मधे उभी राहून तो नीट बसवायचा व्हायब्रेटर कुठे फिरवायचा ते ओरडून सांगत होते. त्यांनी निरोप पाठवला, पोरगी बरी आहे, पण आमच्यात हे चालणार नाही. मला ते स्थळ नकोच होतं. तुला मात्र ते तोंडात मारल्यासारखं लागलं. त्या दिवशी तू मला एवढंच म्हणालास, "स्लॅबच्या दिसाला तू वर नको येत जाऊ. आदल्या दिसाला बग काय बगाचा ता." मी म्हटलं, बाबा, आदल्या दिवशी बघून उपयोग नसतो, चुका माल टाकतानाच होतात. तू उत्तर दिलं नाहीस. तुझं उत्तर न देणं म्हणजे निकाल असायचा.

त्यानंतरच्या गोदामाला तो छज्जा होता. माल उतरवताना ट्रक पावसात भिजू नये म्हणून भिंतीबाहेर काढलेला, चांगला रुंद, खाली एकही खांब नाही. हात पुढे करून भरलेली घागर धरली की ताण खांद्यावर वरच्या अंगाला येतो, छज्ज्याचंही तसंच. त्याची मुख्य सळी वरच्या बाजूला लागते. ती खाली गेली तर असून नसल्यासारखी. आदल्या संध्याकाळी मी सगळी सळी बघितली होती, वर होती, नीट बांधलेली होती. स्लॅबच्या दिवशी मी खाली मिक्सरपाशी उभी होते, शहाण्या मुलीसारखी. वर घमेली घेऊन माणसं जात होती, आणि जायची वाट छज्ज्यावरूनच केली होती. प्रत्येक फेरीला माणसाचा आणि घमेल्याचा भार त्याच सळीवर. मी खालून कान देऊन ऐकत होते. सुरुवातीला पावलांबरोबर सळीचा झणझण आवाज येत होता, मग तो यायचा थांबला. मी शिडीला हात घातला. मुकादम म्हणाला, "बेटी, मत जाओ, सेठ गुस्सा करेंगे." मी गेले.

वर जाऊन बघते तर सळी पार फळीला टेकलेली. मी तुझ्याजवळ आले, हळूच बोलले, शपथेवर सांगते हळूच बोलले, कारण गोदामाचा मालक तुझ्या शेजारीच पान चघळत उभा होता. "बाबा, छज्ज्याची सळी दबली. मिक्सर थांबव. उचलून घेऊ, खाली टेकू देऊ, मग टाक माल." तू माझ्याकडे बघितलं नाहीस. "खाली उतर." मी म्हटलं, "बाबा, ही सळी वर नसली तर छज्जा—" "तुला कलत न्हाय? मानसा बगतान. पयलं खाली उतर." हे तू ओरडून म्हणालास. मिक्सरचा आवाज असतानाही सगळ्यांना ऐकू गेलं. मालक हसून म्हणाला, "पोरगी तापट हाय तुजी," आणि तूही हसलास. मी शिडीवरून उतरले. ज्या माणसाने माझ्या सांगण्यावरून चुन्याच्या रेघा आत घेतल्या होत्या, तो एका परक्या माणसासमोर मिक्सर दोन घटका थांबवायला लाजला, आणि तेही मी पोरगी म्हणून. फिटरने सांगितलं असतं तर तू थांबवला असतास. हे मला तेव्हाही माहीत होतं.

सेंटरिंग, म्हणजे खालच्या फळ्या आणि टेकू, काढलं आणि छज्जा खाली आला. मी साइटच्या ऑफिसात होते. आवाज असा झाला की रस्त्यावरचे ट्रक थांबले. सेंटरिंग काढणाऱ्यांपैकी एकाचा पाय खाली सापडला. तू स्वतः त्याला उचलून गाडीत घातलंस, दवाखान्यात बसून राहिलास, त्याच्या घरी जे करायचं ते सगळं केलंस. त्यात मी तुला नावं ठेवणार नाही. पण तो माणूस पुढे लंगडतच आपल्या गावाला गेला, आणि त्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की सिमेंट खराब होतं. तू मालकाला सिमेंट सांगितलंस, मुकादमाने तेच पुढे सांगितलं, आणि रात्री जेवताना तू आईलाही तेच सांगितलंस. माझ्याकडे बघत सांगितलंस. मी उठून तुला आणखी भात वाढला.

पुढच्या आठवड्यात टेम्पोतून खोकी आली. कॉम्प्युटर, प्रिंटर, फिरती खुर्ची. काल्हेरच्या आपल्या ऑफिसात तू काचेची केबिन करून घेतलीस, त्यात एसी बसवलास, मॉनिटरवर कुंकवाने स्वस्तिक काढलंस, उदबत्ती लावलीस. मला आत बसवून म्हणालास, "ह्या बग. आता उनात जाची गरज न्हाय. हितं बसून हुकूम कर." मी विचारलं, "बाबा, तो छज्जा..." तू म्हणालास, "त्यो विषय झाला." आणि बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारलीस. मागची सीट रिकामी. गावातले लोक मला केबिनमध्ये बघून जायचे. बापाने पोरीला कसं डोक्यावर बसवलंय म्हणायचे. खरं मला एकटीलाच दिसत होतं. तुला माझी चूक सापडली असती तर तू मला शिव्या देऊन परत साइटवर नेलं असतंस. मी बरोबर निघाले, म्हणून केबिन मिळाली.

त्या केबिनमध्ये मी काय केलं ते तू कधी विचारलं नाहीस. बिलं टाईप केली, पत्रं टाईप केली, आणि उरलेल्या लांबलचक दुपारी, लाइट असेल तेव्हा, कॉम्प्युटरवर तो छज्जा काढत बसले. एकदा सळी वर ठेवून, एकदा दाबून. ते करता करता ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकले, सळीचा हिशेब मशीनकडून करून घ्यायला शिकले. ठाण्यात एक कंपनी काँट्रॅक्टर लोकांसाठी असलंच सॉफ्टवेअर बनवत होती आणि त्यांना साइटवर काम केलेला माणूस हवा होता. मुलाखतीत गुळगुळीत चेहऱ्याच्या एका साहेबाने विचारलं, बांधकाम सोडून तुम्हाला इकडे का यावंसं वाटतं? मी म्हटलं, तंत्रज्ञानाची आवड आहे, भविष्य यातच आहे. त्याला फार आवडलं ते. बांधकाम मी सोडलं नव्हतं, मला शिडीवरून उतरवलं होतं, हे कुठल्या मुलाखतीत सांगतात?

घरी सांगितलं ती संध्याकाळ आठवते. आई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापते आहे, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण उकळतं आहे, तू पाटावर बसून लसूण सोलतो आहेस. मी सांगते. तू लसूण सोलतच राहतोस. मग म्हणतोस, "लोकांची घरा बांदाची सोरून त्यांना चित्रा दाखवनार तू? यासाठी शिकवला तुला?" मी काही बोलायच्या आत आई तव्यावरची भाकरी उलटते आणि तुझ्याकडे न बघता म्हणते, "हितं तरी काय बांदतंय ती? बिलाच टाईप करतंय ना." आई तुला उलट बोललेली मी आयुष्यात तेवढी एकदाच ऐकली. तू जेवण न करता उठलास. दुसऱ्या दिवसापासून लोकांना सांगायला लागलास की पोरगी कॉम्प्युटरवाल्यांनी पळवली.

कंपनीत मी सुखी झाले असं समजू नकोस. तिथे कुणी घमेलं उचललेलं नव्हतं. पण साइट कशी चालवावी हे सगळ्यांना माहीत होतं. मजुरांना ते 'रिसोर्स' म्हणायचे. मी मीटिंगमध्ये म्हटलं की माल टाकताना माणसं सळीवरून चालतात, तर साहेब म्हणायचे, मॅडम, आदर्श परिस्थिती धरून चालू. मी मनात म्हणायचे, आदर्श परिस्थिती दापोड्यात पायावर पडली. तुझ्याकडे मी पोरगी होते म्हणून माझं चालत नव्हतं, इथे साइटवाली होते म्हणून. मागे तू आणि पुढे हे. दोन्हीकडून मार खायची सोय मी स्वतःच करून घेतली होती.

आणि मग तो दिवस. साहेबांना कळलं की माझे वडील काल्हेरचे काँट्रॅक्टर, आणि तिकडे तर गोदामांचं पीक आलेलं. म्हणाले, पहिली ऑर्डर तिथूनच आणू. त्यांनी मला बजावलं होतं, ग्राहक म्हणजे ग्राहक, 'सर' म्हणायचं. आपल्याच ऑफिसात मी पाहुणी म्हणून आले. तू पांढरा शर्ट घालून बसला होतास. मला 'मॅडम, च्या घ्या' म्हणालास. मी जन्मात पहिल्यांदा तुला 'तुम्ही' म्हटलं. माझ्या काचेच्या केबिनमध्ये सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. साहेबांनी प्रोजेक्टरने भिंतीवर चित्र पाडलं: एक अख्खं गोदाम, सळीसकट, गोल फिरणारं, आणि बाहेर छज्जा. कॉम्प्युटरचा माउस माझ्या हातात होता, मीच ते फिरवत होते. छज्ज्याची वरची सळी मी लाल रंगात ठेवली होती. मुद्दाम. तू ती बराच वेळ बघितलीस. मला वाटलं, आता. आता काहीतरी बोलेल.

तू बोललास, पण साहेबांशी. "ह्या सगला बराबर. पन माल टाकताना मजूर सलीवरून चालतान. वरची सली पायाखाली दबली, तं तुमच्या मशिनीला कलंल का?" साहेब गडबडले. म्हणाले, "सर, ते साइटवरच्या माणसाने बघायचं." तू म्हणालास, "म्हंजे वर मानूस लागंल." "हो, माणूस तर लागणारच." "मंग मानूस हाय माज्याकरं. छज्ज्याचा स्लॅब असला का मी एक मानूस फकस्त सली बगाला उबा करतो. ह्या तुमाला पुस्तकात न्हाय गावाचा साहेब. अनुभवानं येतं." आणि चहाचा कप पुढे सरकवलास.

अनुभवानं, बाबा. कोणाच्या? मी तिथे बसले होते, तुझ्यापासून हातभर अंतरावर. म्हणजे त्या दिवशी स्लॅबवर तू माझं ऐकलं होतंस. शब्दन् शब्द ऐकलं होतंस, नंतर घरी घोळवलं होतंस, आणि प्रत्येक छज्ज्याला एक माणूस उभा करायला लागला होतास. माझी गोष्ट तू घेतलीस, वापरलीस, तुझी म्हणून सांगितलीस, आणि त्या एका माणसाच्या जागी कुणीही चालला, फक्त मी चालले नाही. मी प्रोजेक्टर बंद केला, वायरी गुंडाळल्या. परतीच्या गाडीत साहेब म्हणाले, "तुमचे वडील फार हुशार आहेत हो." मी म्हटलं, हो.

तू गेलास तेव्हा आपण भांडलेलो नव्हतो. लोकांना वाटतं तसं काही नाट्य झालं नाही. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते, तू डोळे उघडून विचारलंस, "तुज्या कंपनीत एसी हाय ना?" मी म्हटलं, हाय. "मंग बरा हाय," म्हणालास. एवढंच. मी नंतर किती वेळा त्या वाक्यात काहीतरी शोधलं. माफी शोधली, अभिमान शोधला. त्यात एसीशिवाय काही सापडलं नाही. तुझ्यामागे मिक्सर भंगारात गेले, सेंटरिंगच्या प्लेटा कुणीतरी नेल्या, आणि दिवसकार्याला आलेले लोक आईला म्हणत होते, मुलगा असता तर धंदा चालला असता. मी तिथेच पानं वाढत होते.

आता कंपनीत माझं बऱ्यापैकी चालतं. सॉफ्टवेअर फोनवर आलं आहे आणि त्यात मी एक अट घालून घेतली आहे, त्यासाठी भांडले. छज्जा किंवा बाल्कनी असेल तर माल टाकताना वरच्या सळीचा फोटो चढवल्याशिवाय पुढचं काही उघडतच नाही. काँट्रॅक्टर फोन करून शिव्या घालतात. हा शहाणपणा कोणी केला, विचारतात. सुरुवातीला मी म्हणायचे, मी केला. मग अर्धा तास वाद. मॅडम, तुम्ही कधी स्लॅबवर उभ्या राहिलात का, एसीत बसून बोलायला काय जातं. एकदा फार कंटाळले होते, म्हणून सांगून टाकलं, "भिवंडीकडे एक जुने काँट्रॅक्टर होते, त्यांचा नियम आहे हा." पलीकडचा माणूस एकदम नरमला. म्हणाला, "जुन्या लोकांचा अनुभव असतो मॅडम," आणि दुसऱ्या दिवशी फोटो चढवला. तेव्हापासून तेच सांगते. माझ्या तोंडून आलं की तो हट्ट, तुझ्या नावाने आलं की अनुभव. तू माझी गोष्ट तुझी म्हणून सांगितलीस याचा मला इतका राग, आणि आता मी स्वतःच ती रोज तुझी म्हणून सांगते. आधी सोय म्हणून सांगत होते. हल्ली कुणी वाद घातला नाही तरी सांगते.

हे पत्र खाडीत वगैरे सोडणार नाही, फोटोपुढेही ठेवणार नाही. तिथे ठेवलं तर आई चष्मा लावून वाचेल. कपाटात राहील. माझा राग गेलेला नाही आणि तो घालवायची मला घाईही नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. परवा एका तरुण काँट्रॅक्टरने फोनवर विचारलं, ते जुने काँट्रॅक्टर तुमचे कोण? मी म्हटलं, वडील. तो म्हणाला, "मग काय मॅडम, सळी बघायला ते तुम्हालाच वर उभं करत असतील."

मी हो म्हटलं.